एका चिठ्ठीतली सहा अक्षरं

आईच्या औषधांच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी शेवटची ओळ लिहिली होती: ‘टॅब. पीसीएम ६५०, एसओएस’. आईने ती दोनदा वाचली आणि तिचा चेहरा उतरला. “एसओएस म्हणजे जहाज बुडायला लागलं की पाठवतात ते ना गं? माझं एवढं बिघडलंय का?” मेडिकलवाल्याने गोळ्यांची पट्टी कापता कापता सांगितलं, “काकू, ताप आला तर घ्या, नाही आला तर राहू द्या. एवढंच म्हणायचंय त्यात.”

हा अर्थ लॅटिनमधून आलेला. ‘सी ओपुस सिट’, म्हणजे गरज पडली तर. आणि पीसीएम म्हणजे आपलं पॅरासिटॅमॉल. पण त्या संध्याकाळी घरात ती चिठ्ठी ज्याच्या हाती गेली, त्याने ती आपल्या परीने वाचली. बाबांची नोकरी तारखात्यात सुरू झाली आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये संपली. त्यांच्या लेखी पीसीएम म्हणजे पल्स कोड मॉड्युलेशन, आवाजाचे आकडे करून ते तारेवरून धाडायची पद्धत. बारावीतल्या भाचीसाठी पीसीएम म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, सीईटीचा ग्रुप. मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे एसओएस दिसलं की माझ्या डोळ्यांपुढे अतिनील किरणांनी पोळलेले जिवाणू येतात. ओळ एकच, वाचणारे चौघं, आणि आपापल्या कामाच्या जागी चौघांचंही वाचन बरोबर.

एका लघुरूपाला चार-पाच अर्थ असले की विज्ञानात बेशिस्त आहे असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. प्रत्येक अर्थामागे काम करणाऱ्यांचा एक गट असतो, त्यांची घाई असते, दिवसातून पन्नास वेळा तेच लांबलचक नाव घ्यायचा कंटाळा असतो. त्यांच्या खोलीत त्या अक्षरांना एकच अर्थ असतो आणि तो पुरतो. अडचण येते ती अक्षरांभोवतीचे शब्द गळून पडतात तेव्हा: चिठ्ठीवर, तक्त्यात, शोधयंत्राच्या चौकटीत. मग उरतात नुसती तीन अक्षरं.

एसओएसचंच बघा. तारेच्या जगात हे मुळी लघुरूपच नव्हतं, हे मला बाबांकडून कळलं. १९०५ साली जर्मनीने आपल्या नियमांत आणि १९०६ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने सगळ्यांसाठी एक संकटखूण ठरवली: तीन टिंबं, तीन रेघा, तीन टिंबं. बाबांनी ती टेबलावर बोटाने वाजवून दाखवली. एरवी मोर्समध्ये दोन अक्षरांमध्ये छोटी उसंत सोडतात, ती इथे सोडायची नाही. नऊ ठोके सलग. उसंत दुसरीकडे घातली तर हेच नऊ ठोके व्ही, टी, बी असेही वाचता येतात. बाबांनी तेही वाजवून दाखवलं. एस-ओ-एस ही फोड लक्षात राहायला सोपी, म्हणून टिकली. ‘सेव्ह अवर सोल्स’ हे लोकांनी त्यावर मागाहून बसवलेलं आहे. त्याआधी मार्कोनी कंपनीचे ऑपरेटर ‘सीक्यूडी’ अशी हाक देत. १९१२ साली टायटॅनिकवरून दोन्ही हाका गेल्या, जुनी आणि नवी. पुढे १९९९ मध्ये जहाजांच्या संकटसूचनेचं काम मोर्सकडून काढून उपग्रहांचा आधार असलेल्या यंत्रणेकडे दिलं गेलं, आणि आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. बाबांची बोटं मात्र अजून तो ठेका विसरलेली नाहीत.

माझं एसओएस याच हाकेवरून आलेलं आहे आणि ते मुद्दाम घेतलेलं आहे. १९७० च्या दशकात मिरोस्लाव्ह रादमान या मूळच्या क्रोएशियाच्या शास्त्रज्ञाने ई. कोलाय जिवाणूंच्या एका वागण्याला ‘एसओएस प्रतिसाद’ असं नाव दिलं. वर्गात मला हा भाग शिकवायला फार आवडतो, कारण त्यात एका एकपेशीय जिवाची सगळी धडपड दिसते.

अतिनील किरण पडले की डीएनएच्या साखळीतले शेजारशेजारचे थायमिन नावाचे घटक एकमेकांना चिकटतात. साखळीची नक्कल करणारं एन्झाइम तिथे अडतं आणि एकेरी धागा उघडा पडतो. त्या उघड्या धाग्यावर रेक-ए नावाचं प्रथिन रांग धरून बसतं. एरवी लेक्स-ए नावाचं दुसरं प्रथिन चाळीसच्या वर जनुकांना दाबून ठेवत असतं. ते या रांगेला भिडलं की स्वतःलाच तोडून घेतं. दाब सुटतो, जनुकं जागी होतात. आधी येतात ती नीट, बिनचूक दुरुस्ती करणारी प्रथिनं. त्याच वेळी पेशीचं विभाजन रोखलं जातं. पेशी वाढत राहते पण दुभंगत नाही, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली आखूड कांड्यांच्या जागी लांबच लांब दोरे दिसतात. विद्यार्थी ते पहिल्यांदा पाहतात तेव्हा काचपट्टीवर दुसराच कुठला तरी जीव आला असं त्यांना वाटतं. एवढं करूनही भागलं नाही, तर सगळ्यात शेवटी असं एक एन्झाइम कामाला लागतं जे बिघडलेल्या जागेवरूनही नक्कल पुढे रेटतं. ते चुका करतं, पण साखळी थांबू देत नाही. जिवाणू मरत नाही, बदलतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविकंही हाच प्रतिसाद चेतवतात, त्यामुळे प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू कसे घडतात या प्रश्नात ही तीन अक्षरं वारंवार भेटतात.

या कामात रादमान यांच्याइतकंच नाव एव्हलिन विटकिन यांचं घ्यायला हवं. १९४४ सालच्या उन्हाळ्यात, कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत, त्यांनी ई. कोलायवर अतिनील किरणांचा मारा केला आणि त्यातून तगलेले मोजके जिवाणू वेगळे काढले. तिथून सुरू झालेला धागा त्या कित्येक दशकं उलगडत राहिल्या. २०१५ साली वैद्यकीय संशोधनासाठीचं लास्कर पारितोषिक मिळालं तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

पेशीशास्त्राचं तेच पुस्तक आणखी काही प्रकरणं पुढे उलटलं की एसओएस परत येतं आणि तिथे जिवाणूंचा काही संबंध नसतो. तिथे ते ‘सन ऑफ सेव्हनलेस’ असतं. फळमाशीच्या डोळ्यातल्या प्रत्येक लहान नेत्रिकेत प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी असतात. ज्या माश्यांत सातवी पेशी घडतच नाही, त्यांच्यातल्या बिघडलेल्या जनुकाचं नाव पडलं ‘सेव्हनलेस’, आणि त्याच्या पुढच्या पायरीवर काम करणारं जनुक सापडल्यावर ते ‘सेव्हनलेसचा मुलगा’ झालं. माणसातही हे प्रथिन आहे. पेशीला वाढीचा निरोप देणाऱ्या रास या प्रथिनाला ते चालू करतं, म्हणून कर्करोगाच्या संशोधनात त्याला महत्त्व आहे. शिवाय इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं ‘सिलिकॉन ऑन सफायर’ आहेच: नीलमण्याच्या पातळ चकतीवर चढवलेला सिलिकॉनचा थर, किरणोत्सर्ग सोसणाऱ्या चिप्ससाठी.

विटकिन यांच्याबरोबर २०१५ चं ते पारितोषिक स्टीफन एलेज यांना मिळालं. जिवाणूच्या पेशीत धोक्याची हाक कशी उठते हे विटकिन यांनी दाखवलं, तर आपल्या पेशींमध्ये ती कशी पोचवली जाते हा एलेज यांचा विषय. माणसाच्या पेशीत डीएनएचे दोन्ही धागे एकदम तुटले की सगळ्यात आधी जागं होणाऱ्या प्रथिनांपैकी एकाचं नाव आहे एटीएम.

या एटीएमचं पूर्ण नाव ‘अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया म्युटेटेड’. नाव आजारावरून पडलं. या आजाराचं मूल चालायला लागतं आणि काही वर्षांत त्याचा तोल जायला लागतो. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात बारीक लाल रक्तवाहिन्या फुललेल्या दिसतात. प्रतिकारशक्ती दुबळी असते, कर्करोगाचा धोका मोठा असतो. तेल अवीवमधल्या योसेफ शिलोह यांच्या गटाने १९९५ साली अकराव्या गुणसूत्रावरचं हे जनुक शोधून काढलं. हे प्रथिन नसलेल्या पेशींना एक्स-रेसारखी प्रारणं अजिबात सोसत नाहीत. म्हणूनच अशा मुलांच्या कर्करोगावर इतरांसारखे किरणोपचार करता येत नाहीत. १९६० च्या दशकात हे नीट उमगलेलं नव्हतं, तेव्हा नेहमीच्या मात्रेचे किरण देऊन रुग्णांना भयंकर इजा झाल्या. या तीन अक्षरांकडे मी कधीही हलकेपणाने पाहू शकत नाही ते यामुळे.

बाबांचं एटीएम निराळं. असिंक्रोनस ट्रान्सफर मोड, म्हणजे आवाज, चित्र, मजकूर, सगळं एकाच मापाच्या छोट्या पुड्यांत भरून पाठवायची रीत. त्या पुडीचं माप ५३ बाइट: ४८ माल आणि ५ पत्त्यासाठी. ४८ हा आकडा आला कुठून, असं विचारल्यावर बाबांनी कागद ओढून हिशेब मांडला, आणि त्यात चिठ्ठीवरचं दुसरं लघुरूप आपसूक आलं. पीसीएममध्ये आवाजाची मोजणी सेकंदाला ८,००० वेळा होते आणि दर वेळी ८ बिट, म्हणजे एक बाइट, तयार होतो. पुडी भरेपर्यंत ती निघू शकत नाही. ३२ बाइटची पुडी भरायला ४ मिलिसेकंद लागतात, ६४ बाइटच्या पुडीला ८. एवढ्याशा उशिरानेही फोनवर बोलणाऱ्याला आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी जाणवू लागतो. युरोपातल्या देशांची, विशेषतः फ्रान्सची अंतरं कमी. ३२ वर थांबलं तर प्रतिध्वनी मारणारी यंत्रं बसवायचा खर्च वाचणार होता. अमेरिकेची अंतरं मोठी असल्यामुळे तिथे ती यंत्रं आधीच बसवलेली होती, आणि संगणकांच्या दळणवळणासाठी त्यांना पुडी मोठी हवी होती, ६४ ची. शेवटी दोघांच्या मधला आकडा ठरला, ४८. तो भरायला ६ मिलिसेकंद लागतात. सोयीचा तो दोघांनाही नव्हता.

पदार्थविज्ञानात हीच अक्षरं लहान लिपीत आली की तो वातावरणाचा दाब: १,०१,३२५ पास्कल, किंवा पाऱ्याचे ७६० मिलिमीटर. आणि रस्त्यावरच्या माणसाचं एटीएम तर सगळ्यांना ठाऊक आहे. लंडनच्या एनफिल्ड भागात २७ जून १९६७ रोजी बार्कलेज बँकेने बसवलेल्या यंत्रामागचे जॉन शेफर्ड-बॅरन आपल्या शिलाँगमध्ये जन्मलेले होते. भारतातलं पहिलं एटीएम १९८७ साली मुंबईत एचएसबीसीने सुरू केलं. जनुकाची माहिती शोधायला बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना आधी जवळच्या बँकांचे पत्ते दिसतात ते यामुळेच.

अशी टक्कर टाळता आली असती का? इंग्रजीच्या २६ अक्षरांतून तीन-तीन अक्षरांच्या जुळण्या होतात १७,५७६. माणसाची प्रथिनं घडवणारी जनुकंच सुमारे २०,००० आहेत. म्हणजे जगातल्या बाकी साऱ्या विद्याशाखा गप्प बसल्या आणि सगळी अक्षरं एकट्या जनुकशास्त्राला दिली, तरी ती पुरणार नाहीत.

मला जास्त मोलाचं वाटतं ते दोन शाखा एकाच छपराखाली आल्यावर काय होतं ते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली रेडिओ दुर्बीण. विज्ञानदिनाच्या सुमारास तिथे मोठं प्रदर्शन भरतं, आम्ही मुलांना घेऊन जातो. तिथली माणसं खगोलशास्त्रज्ञही आहेत आणि रेडिओ अभियंतेही, आणि त्यांच्या बोलण्यात दोन्हीकडची लघुरूपं एकाच वाक्यात येऊन बसतात. आयएसएम म्हणजे ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत विरळ पसरलेला वायू आणि धूळ. आयएसएम म्हणजेच उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्यासाठी राखलेले कंप्रतांचे पट्टे, ज्यांतल्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर घरचं वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी चालते. एक आयएसएम त्यांना ऐकायचं असतं आणि दुसऱ्या आयएसएमसारख्या मानवनिर्मित रेडिओ-कलकलाटापासून त्यांना दूर राहायचं असतं; खोडदची शांत जागा निवडण्यामागे हे एक कारण होतंच. एसएनआरची गत आणखी बिकट. सुपरनोव्हाचा स्फोट झाल्यावर मागे राहतो तो अवशेषही एसएनआर, आणि आलेला संदेश गोंगाटाच्या किती पट आहे ते गुणोत्तर, सिग्नल-टू-नॉइज रेशो, तेही एसएनआर. दूरवरच्या अंधुक अवशेषाच्या निरीक्षणात ‘या एसएनआरचा एसएनआर कमी आहे’ हे वाक्य शब्दशः खरं असतं. म्हणून खगोलशास्त्रज्ञ गुणोत्तरासाठी बऱ्याचदा ‘एस’, तिरपी रेघ, ‘एन’ असं लिहितात. एका रेघेने काम भागतं. ही छोटी शिस्त मला फार आवडते.

ही रेघ मराठीत लिहिताना जास्तच आठवते. आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरं नाहीत. एफएम हे दोन उच्चार घ्या. रोमन लिपीत दोन्ही अक्षरं मोठी असली की रेडिओचं फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन, आपल्याकडचा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा. दोन्ही लहान असली की फेम्टोमीटर, ज्या मापात प्रोटॉनची त्रिज्या सुमारे ०.८४ भरते. पहिलं लहान, दुसरं मोठं असलं की फेम्टोमोलर, द्रावणाची अतिसूक्ष्म संहती. पहिलं मोठं, दुसरं लहान असलं की फर्मियम, शंभरावं मूलद्रव्य, जे १९५२ च्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीच्या राखेत सापडलं. देवनागरीत चारही वेळा आपण लिहिणार ‘एफएम’. जो भेद रोमन लिपी फक्त अक्षराच्या उंचीने सांगते, तो आपल्याला पूर्ण शब्द लिहूनच सांगावा लागतो. आपली वर्तमानपत्रं ‘कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट’ असं सगळं लिहितात ते योग्यच करतात. मिलिवॅट आणि मेगावॅट यांत एक अब्ज पटीचं अंतर आहे. मराठीतून विज्ञान लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती असते की लघुरूप पहिल्यांदा येईल तिथे त्याचं पूर्ण नाव लिहा, लेख चार ओळींनी वाढला तरी चालेल. पीसीबी हे बारावीच्या मुलासाठी जीवशास्त्राचा ग्रुप आहे, दुरुस्तीवाल्यासाठी इलेक्ट्रॉनिक्सचा हिरवा पत्रा, आणि विषविज्ञानात पॉलिक्लोरिनेटेड बायफिनिल ही घातक रसायनं, जी जुन्या ट्रान्सफॉर्मर-कपॅसिटरांच्या तेलात असत. १९६८ साली जपानच्या पश्चिम भागात तीच रसायनं कारखान्यातल्या गळतीमुळे राइस ब्रॅन तेलात मिसळली आणि ते तेल खाल्लेल्या माणसांची त्वचा पुळ्यांनी भरून गेली. त्या बातमीच्या मराठी मजकुरात नुसतं ‘पीसीबी’ लिहिलं, तर वाचकाने काय समजायचं?

दवाखान्यात तर पूर्ण नावाने जीव वाचतात. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ साली चिठ्ठीवर लिहू नयेत अशा लघुरूपांची यादी काढली. त्यात ‘एमएस’ आहे, कारण ते मॉर्फिन सल्फेटही असू शकतं आणि मॅग्नेशियम सल्फेटही. ‘युनिट’साठी लिहायचा नुसता ‘यू’ आहे, कारण घाईत तो शून्यासारखा दिसतो आणि इन्शुलिनची मात्रा दहापट होते. आपल्याकडे टीडीएस हे चिठ्ठीवर ‘दिवसातून तीनदा’, पगाराच्या पावतीवर करकपात आणि पाण्याच्या फिल्टरवर क्षारांचं प्रमाण असतं; तिथे गल्लत होत नाही, कारण तीन कागद तीन ठिकाणी असतात.

माणूस अडला तर विचारतो. यंत्र विचारत नाही. ‘मार्च-१’ आणि ‘सेप्ट-२’ ही माणसाच्या जनुकांची नावं होती. संशोधक ती एक्सेलच्या तक्त्यात भरायचे आणि एक्सेल त्यांना मार्च आणि सप्टेंबरमधल्या तारखा समजून न सांगता बदलून टाकायचं. २०१६ मध्ये नामांकित नियतकालिकांतले शोधनिबंध तपासले गेले, तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका निघाल्या. वर्षानुवर्षांची मेहनत, आणि यादीत जनुकाच्या जागी तारीख. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने माघार घेतली. ‘मार्च-१’ झालं ‘मार्चएफ-१’, ‘सेप्ट-२’ झालं ‘सेप्टिन-२’. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा आपोआप होणारा बदल बंद करायची सोय एक्सेलमध्ये दिली. जुन्या निबंधांत जुनी नावं तशीच आहेत, त्यामुळे विद्यार्थ्यांना आता दोन्ही शिकवावी लागतात.